दही लागेना

२९ मार्च, रविवार

माझी मैत्रीण राजेश्री म्हणते, नवा धंदा काढतेयस तर रोज दोन ओळी लिहीत जा, डोकं हलकं राहतं. तिला प्रयोगशाळेत पगारी नोकरी आहे, तिचं डोकं हलकंच असणार. माझं कंत्राट डिसेंबरात संपलं. इतकी वर्षं परभणीला दुधातले जिवाणू मोजले आणि एका शुक्रवारी खोलीची किल्ली परत देऊन पिंगळीला घरी आले. आता गोठ्याशेजारच्या खोलीत पनीर करायचं ठरवलं आहे. परवाना आला, फरशी बसली, बजरंगने कुणाचा तरी जुना फ्रीज दुरुस्त करून आणला. नवऱ्याला इथे तरी नावाने लिहिते, तोंडावर अहो आहेच.

काल नायसिनचा डबा आला. मिठासारखी बारीक, पांढरी पावडर. आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते ते वीजवाल्यांनाही सांगता येणार नाही, आणि पनीर तर चार दिवसांत बुळबुळीत होतं. ठरलेल्या मापात नायसिन घातलं की ते जास्त टिकतं. पनीरात घालायला परवानगीही आहे. अण्णा, म्हणजे माझे सासरे दिनकरराव, शेजारी बसून डबा निरखत होते.

"औषध हाय का हे?"

"औषध नाही अण्णा. दुधातच राहणारा एक जिवाणू हे तयार करतो, आणि आपल्याच जातीच्या दुसऱ्या जिवाणूंना मारतो."

"म्हंजे भाऊबंदकी."

मला हसू आवरेना. राजेश्रीला लगेच फोन करून सांगितलं, तीही हसली.

"आन याच्यानं दूध नासत न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"नासवणारे बरेचसे मरतात."

"एका कॅनला किती लागंल मग?"

"चिमूटभर," मी म्हणाले आणि डबा फ्रीजमध्ये ठेवला. वर सगळ्यांना बजावलं, की या खोलीत माझ्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. विशेषतः हा डबा आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाई पार्वतीबाईंच्या, दह्याजवळ जाता कामा नये. विरजण म्हणजे तरी काय, जिवाणूच. नायसिन त्यांना आधी खाईल.

२ एप्रिल, गुरुवार

उन्हाने जीव नको केला आहे. आज किशनमामांचं दूध तापवताना नासलं. अख्खं पातेलं गेलं.

मामा, म्हणजे किशनराव, बौद्धवाड्यात राहतात. एकच म्हैस, पण दूध असं की वर हातभर साय. संध्याकाळी ते गावच्या पाण्याच्या टाकीवर कामाला असतात, म्हणून चारलाच धार काढून सायकलवरून कॅन आणून देतात. आमच्या म्हशींची धार उशिरा निघते. मग आत्याबाई दोन्हीकडचं दूध एकत्र करून दिवेलागणीला तापवतात, कोमट झालं की विरजतात आणि सकाळच्या पॅसेंजरने परभणीला दही नेतात. म्हणजे किशनमामांचा कॅन तोवर ओसरीत उकडत पडलेला असतो. फ्रीजमध्ये माझं पनीर, जागा नाही.

त्यांच्या घरचं दूध आमच्या पातेल्यात जातं म्हणून गावात पूर्वी लोक बोलायचे. आत्याबाईंनी ते कधी मनावर घेतलं नाही. आमच्या घरात तसलं काहीच नाही. किशनमामा रोज ओट्यावर बसून चहा पितात, त्यांचा कपसुद्धा ठरलेला आहे, खिडकीतला.

दूध नासलं याचं सगळ्यात जास्त अण्णांना लागलं. "पार्वतीचं गिऱ्हाईक उद्या रिकामं जाईल," म्हणत ते किती तरी वेळ ओसरीत फेऱ्या मारत होते.

६ एप्रिल, सोमवार

आज दही नीट लागलं नाही. पातळ, वर पाणी. आत्याबाई म्हणाल्या, झाकण उघडं राहिलं असेल. तरी तेच नेलं. पंधरा वर्षांपासूनच्या गिऱ्हाइकांना आज माफी मागत मागत दही घातलं म्हणे.

७ एप्रिल, मंगळवार

आज तर दही नाहीच. सकाळी झाकण काढलं तर कालचं दूध तसंच, कोमट, हलवलं की हलणारं. आंबटपणाचा वासही नाही. आणि विरजणाला ठेवलं होतं ते कालचं पातळ दही, त्यातही काही जीव दिसत नाही.

या विरजणाची गोष्ट लिहून ठेवते. आत्याबाई पाथरीच्या. लग्नात त्यांच्या आईने ओटीबरोबर एका वाटीत विरजण दिलं होतं. तेव्हापासून रोज कालच्या दह्यातून उद्याचं. आमच्या घरातलं हे विरजण माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठं आहे. ते कुणी मागितलं तर आत्याबाई देतात, फक्त दिवे लागायच्या आत. दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर जात नाही. आणि ज्या वाटीतून आलं ती वाटी रिकामी परत करत नाहीत.

आत्याबाई चुलीपुढे बसून राहिल्या होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काल तू हात लावला होतास का? तुझे दिवस हायेत ना?"

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. केलं आहे. मला इतका राग आला की तशीच उठून माझ्या खोलीत गेले. पण दिवसभर तेच डोक्यात. मी शोधून काढीन म्हणाले, कुणामुळे होतंय ते. हात लावल्यामुळे नाही एवढं तर नक्की.

९ एप्रिल, गुरुवार

परभणीहून मोठ्या डेअरीचं दही आणून त्याचं विरजण घातलं. तरीही लागलं नाही. म्हणजे दोष विरजणात नाही, दुधात आहे.

नायसिनची शंका मला आधी आली, हे खरं सांगते. पण माझी भांडी वेगळी, खोली वेगळी, कापड वेगळं, आणि हात मी साबणाने कोपरापर्यंत धुते. तेव्हा तो प्रश्नच नाही. डबा मात्र वजनात जरा हलका भरला. तोलकाटा बिघडला असावा, बजरंगला दाखवायला हवा.

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "दही लागंना हे खरं, पर त्या दिवसापासून दूध एकदाबी नासलं न्हाई, बघितलं का?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं. आत्याबाई ताटावरून उठल्या. मी अण्णांकडे रागाने बघितलं. यात कौतुक कसलं.

मला एक सुचलं आहे. म्हशीला दगडी झाली, म्हणजे कास सुजून घट्ट झाली, की डॉक्टर इंजेक्शन देतात. ते औषध दुधात उतरतं आणि तसल्या दुधाचं दही लागत नाही. आमच्या तिन्ही म्हशी ठणठणीत आहेत. किशनमामांच्या म्हशीला थंडीत दगडी झाली होती, हे मला पक्कं आठवतंय.

११ एप्रिल, शनिवार

राजेश्रीकडून चाचणीच्या कुप्या आणल्या. कुपीत जांभळा रस आणि एक जिवाणू झोपवलेला असतो. दुधाचे थेंब टाकून गरम पाण्यात ठेवायची. दूध चांगलं असेल तर जिवाणू जागा होतो, वाढतो, आणि रंग पिवळा होतो. दुधात त्याला मारणारं काही असेल तर जांभळा तो जांभळाच.

आमच्या म्हशींचं दूध: पिवळं. किशनमामांच्या कॅनमधलं दूध: जांभळं.

मी दोन्ही कुप्या शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. आनंद झाला असं लिहिणं बरं नाही, पण छातीवरचा दगड उतरला. आत्याबाईंना दाखवल्या. त्यांनी रंग पाहिले आणि दूध तापवायला घेतलं.

राजेश्रीला फोन केला तर तिने शिक्षिकेसारखं विचारलं, "नमुना कुठून घेतलास? थेट सडातून का कॅनमधून?"

"कॅनमधून. काय फरक पडतो? कॅन त्यांचाच आहे."

"एकदा सडातून घेऊन बघ."

आता दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन त्यांच्या म्हशीखाली बसू का? राजेश्रीला काय, ती एसीत असते. आणि खरं सांगायचं तर बौद्धवाड्यात मी अजून एकदाही गेलेली नाही. उगाच तमाशा.

१५ एप्रिल, बुधवार

काल जयंती. किशनमामा दरवर्षी त्या दिवशी दूध घालत नाहीत, घरी खीर करतात. त्यामुळे काल फक्त आमच्या म्हशींचं दूध विरजलं.

आज दही घट्ट लागलं. चमचा उभा राहील असं.

याहून आणखी पुरावा काय हवा?

१६ एप्रिल, गुरुवार

काल त्यांचं दूध परत आलं आणि आज दही परत बिघडलं. मग मात्र मी थांबले नाही.

चारला किशनमामा आले, कॅन ओसरीत ठेवला, ओट्यावर बसले. मी जांभळी कुपी घेऊन बाहेर आले. अण्णा खाटेवर होते.

"मामा, म्हशीला इंजेक्शन दिलंय का?"

"पौषात दिलं होतं की. दगडी झाली होती तवा. आठ दिस दूध मातीत वतलं, डाक्टरनी सांगितलं तसं. त्याच्यानंतर न्हाई."

"पण दुधात औषध निघतंय. हे बघा. चांगल्या दुधाचा रंग पिवळा होतो. तुमच्या दुधाचा झाला नाही."

त्यांनी कुपी हातात घेतली नाही. वाकून बघितली, बराच वेळ. "हे मला कळत न्हाई ताई. पर धार मी सोता काढतो."

"मी तुम्हाला खोटं म्हणत नाही मामा. पण रंग तर खोटं बोलत नाही ना."

अण्णा मध्येच म्हणाले, "किशन असं करायचा न्हाई, पोरी." तेवढंच. मी त्यांना म्हणाले, अण्णा, यात तुम्हाला काही माहीत नाही.

किशनमामा उठले. कॅन सायकलला अडकवला. चहा तसाच राहिला. "बरं," म्हणाले, "तुमी शिकलेल्या." टोमणा मारला असं वाटलं नाही. मला बोलायचं होतं त्यापेक्षा मी मवाळच बोलले असं आता वाटतंय.

२० एप्रिल, सोमवार

दही रोज लागतंय. घरातलं वातावरण निवळलं. आत्याबाईंनी मला स्वतःहून विचारलं, पनीर कसं चाललंय. माझ्या हात लावण्याबद्दल कुणी ब्र काढत नाही.

फक्त चव ती नाही. डेअरीच्या दह्याचं विरजण, त्याची चव डेअरीसारखी. परभणीतल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं म्हणे, "पार्वतीबाई, दही दुसऱ्याकडून आणायला लागलात का?" आत्याबाई हे सांगताना हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावला. आईने दिलेलं, मी घालवलं, म्हणाल्या. त्यांना तसं रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. मीही रडले.

गावातल्या दूध केंद्रावर माणिकराव आहेत. त्यांनी विचारलं, किशनरावचं दूध तुमच्याकडून बंद का झालं, आता तो इथे आणून घालतोय. मी जे होतं ते सांगितलं. लहान लेकरं ते दूध पितात, सांगायला नको का?

नायसिनचा डबा आता बरोबर मापात भरतोय. बजरंगने तोलकाटा दुरुस्त केला असणार. विचारायचं राहिलं.

२७ एप्रिल, सोमवार

आज गिरणीवर चांगुणाबाई भेटल्या, किशनमामांची बायको. नेहमी "काय ताई, बऱ्या हाव का" म्हणतात. आज त्यांनी आपला डबा उचलून बाजूला घेतला, मला जागा करून द्यावी तसा, आणि भिंतीकडे बघत राहिल्या. गिरणीवाल्याने माझं दळण आधी घेतलं. मी नको म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही.

केंद्राने त्यांचं दूध बंद केलं आहे. आता बौद्धवाड्यातल्या बाकीच्यांचं दूधही माणिकराव दोनदा हुंगून घेतात असं बजरंग म्हणाला. हे मी सांगितलं नव्हतं. मी एका म्हशीबद्दल बोलले होते.

अण्णांचं जेवण कमी झालंय. म्हणतात, किशन टाकीवर दिसतो पण वर बघत नाही. दोघं लहानपणी एकाच मास्तरांकडे शिकले. मी म्हटलं, अण्णा, उन्हाळ्याने होतं तसं.

माझं पनीर मात्र चांगलं चाललंय. पाथरीच्या दोन धाब्यांनी मागितलं. आनंद व्हायला हवा.

५ मे, मंगळवार

दमले आहे. पनीर घेऊन पाथरीला गेले होते, परतीच्या जीपचं मानवतपाशी टायर फुटलं. आत्याबाईंची गाडीही आज रखडली, त्या घरी आल्या तेव्हा रात्रीची जेवणवेळ उलटून गेली होती. आमच्या म्हशींचं दूध तोवर ओसरीतच होतं. मी म्हटलं नासलं असणार. नासलं नव्हतं. अण्णा खुशीत होते.

६ मे, बुधवार

दही लागलं नाही.

किशनमामांच्या दुधाचा थेंब नव्हता. सगळं दूध आमचं.

मी पातेल्यापाशी उभी राहिले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता परत हात लावल्याचं विचारणार. पण त्या म्हणाल्या, "आता कुणाची म्हैस?"

एक कुपी शिल्लक होती. कालच्या दुधाचे थेंब टाकले. जांभळी राहिली. सडातून घे, राजेश्री म्हणाली होती. मी भांडं घेऊन गोठ्यात गेले, एकेका म्हशीखाली बसून तिन्हींची ताजी धार काढली. ते दूध विरजून ठेवलं. दुपारपर्यंत घट्ट झालं.

म्हणजे म्हशीत काही नव्हतं. गोठा ते ओसरी, तेवढ्यात काहीतरी होत होतं.

मी ओसरीत आले. अण्णा खाटेवर पंखा घेत बसले होते. मी विचारलं, काल दूध नासलं कसं नाही, इतक्या उकाड्यात.

"नासंल कसं?" अण्णा म्हणाले. "पावडर टाकली की. दह्याजवळ न्हाई नेली, दुधातच. तुला घाई असती, तुला कशाला विचारायचं. किशनच्या कॅनला रोज टाकायचो. आधी चिमूट, मग उन्हाळा लय वाढला तवा चमचा."

मी डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"काय झालं गं? तूच म्हनली होतीस, एका कॅनला चिमूटभर."

मी म्हणाले होते. मीच. मी त्यांना सांगितलं, अण्णा, त्या पावडरने दही मरतं. दह्यातले तेच जिवाणू, भाऊबंद. कुपीतलाही तसलाच, म्हणून रंग जांभळा राहिला. कुपीला औषध आणि पावडर वेगळी कळत नाही.

अण्णांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी हातातला पंखा खाली ठेवला. "म्हंजे किशनची म्हैस..." एवढंच म्हणाले.

बजरंग संध्याकाळी आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, किशनमामांची माफी मागू, त्यांचं दूध परत सुरू करू, पण गावात बोलू नको. दिनकररावांच्या घरी दुधात पावडर टाकतात हे एकदा पसरलं की आईचं दही आणि तुझं पनीर दोन्ही गेलं. त्याचं चूक आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. भीती मलाही तीच वाटते.

७ मे, गुरुवार

अण्णा आणि मी गेलो. मी पुढे चालत होते आणि मला घर माहीत नव्हतं. अण्णांनी हाताने दाखवलं.

दावणीला म्हैस नव्हती. मला वाटलं चरायला सोडली असेल. किशनमामा बाजेवर बसले होते, उठून उभे राहिले. चांगुणाबाईंनी पाणी आणलं, मग चहा. चौघांना सारखेच कप.

अण्णा बाजेवर बसले नाहीत, खाली मातीत बसले. "किशन," म्हणाले, "ती पावडर मी टाकत होतो. तुझ्या दुधात काय बी नव्हतं."

मी सगळं सांगितलं, पावडर, कुपी, कालची धार. हात जोडले. "मामा, उद्यापासून दूध परत..."

"म्हैस इकली ताई," ते म्हणाले.

"केंद्रावाल्यांनी घेतलं नाही म्हणून?"

"न्हाई. परभणीला हॉटेलवाले घेत होते की. पर मला वाटलं, म्हशीतच काय तरी खोट हाय. तुमी दाखवला ना रंग. म्या लय येळ बघितला. शिकलेलं मानूस सांगायलंय म्हंजे आसंल. नातवाला ते दूध कसं पाजू? म्हनून रविवारी बाजारात नेली."

मला वाटलं होतं ते मला खोटं ठरवतील, ओरडतील. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. अख्ख्या गावात माझ्या कुपीवर सगळ्यात जास्त विश्वास त्यांनीच ठेवला.

चांगुणाबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात फडक्याने झाकलेली वाटी होती.

"पार्वताबाईचं विरजण गेलं म्हनं. हे त्यांचंच हाय. माझं थोरलं पोर झालं तवा त्यांनी दिलं होतं. तवापासून मोडू दिलं न्हाई."

"थोडं द्या मामी, चमचाभर पुरे."

"सगळंच न्या. घरात दूध न्हाई, ते जितं कशावर ठिवू? चार दिस पिशवीचं आनून लावलं. रोज कुठून आनू." मग बाहेर बघून म्हणाल्या, "दिवे लागायच्या आत न्या."

दारापर्यंत आल्या. तिथे हळूच म्हणाल्या, "ताई, एक करा. जिथं त्यांचं नाव घेतलं, तिथंच सांगा."

घरी आल्यावर आत्याबाईंच्या हातात वाटी दिली. त्यांनी फडकं काढून वास घेतला आणि तशाच चुलीपाशी बसल्या. मी खिडकीतला कप आत आणला, धुतला, बाकीच्या कपांत ठेवला. तो तिथे का होता हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

८ मे, शुक्रवार

सकाळी दूध केंद्रावर गेले. गर्दीची वेळ मुद्दाम निवडली, नंतर धीर झाला नसता. बजरंग जाऊ नको म्हणाला नाही, बरोबरही आला नाही. अण्णा आले.

मी माणिकरावांना म्हणाले, किशनरावांच्या दुधात औषध नव्हतं. आमच्याच घरातली पावडर त्यात पडत होती. चूक माझी, मी तपासायला चुकले. "मीच टाकली," अण्णा मागून म्हणाले. रांगेतली माणसं कॅन हातात धरून ऐकत होती. कुणीतरी म्हणालं, म्हणजे तुमच्या दह्यातबी पावडर का? मी सांगायला लागले की ती विषारी नाही, पनीरात चालते, दह्यात चालत नाही. निम्म्यांनी ऐकलं नाही. माणिकराव म्हणाले, बरं झालं सांगितलं, आणि पुढचा कॅन ओढला.

दुपारपर्यंत पाथरीच्या एका धाब्याने फोन करून पनीर नको म्हणून सांगितलं. दुसऱ्याचा फोन अजून आलेला नाही.

बजरंग म्हैस बघायला जातो म्हणाला. चांगली म्हैस हातात पडायला महिनाही लागेल. किशनमामांना विचारूनच घ्यायची असं अण्णांनी सांगितलं आहे. ते हो म्हणतील का हेही माहीत नाही. नायसिनचा डबा मी कपाटात कुलपात ठेवला, किल्ली गळ्यात.

९ मे, शनिवार

दही लागलं. आत्याबाईंनी बोटाने चाखलं, डोळे मिटले, आणि किती वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाल्या, "आईचं हाय." अण्णांनाही भरवलं. अण्णांनी खाल्लं, पण मान खालीच.

चांगुणाबाईंची वाटी घासून ठेवली होती. आत्याबाईंनी त्यात काठोकाठ दही भरलं आणि माझ्या हातात दिलं. "तूच ने."

आज रस्ता माहीत होता. किशनमामा टाकीवर गेले होते. चांगुणाबाईंनी वाटी घेतली, हसल्या नाहीत, पण आत बोलावलं. त्यांनी एका छोट्या भांड्यात चमचाभर दही काढलं, फडक्याने झाकलं आणि फळीवर जिथे पूर्वी ठेवत असतील तिथे ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "म्हैस येईल तवा लागंल."

दुधाशिवाय ते या उन्हात फार तर चार दिवस जगेल. मी जिवाणू मोजत होते, मला हे माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे, त्यांनीच परवा सांगितलं होतं.

उद्यापासून रोज चारला पावशेर दूध घेऊन मला तिकडे जायचं आहे.